कोकणावरच्या कादंबऱ्या वाचायच्याच नाहीत? 'कडक वाचक' यांना उत्तर

खाडीकाठची:
परवा 'कडक वाचक' यांनी यंदाच्या पावसाळ्यात वाचलेल्या पुस्तकांवर भलंमोठं लिहिलं. ज्यांचं राहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. श्री. ना. पेंडशांची कादंबरी 'तुंबाडचे खोत' निम्म्याने कापली तरी बिघडत नाही. 'पडघवली' म्हणजे चाकरमान्यांना रडवायची सोय. ऊर्मिला पवारांचं आत्मचरित्र 'आयदान' ही तक्रारवही. वाचण्यासारखं काय, तर गोडसे भटजींचं 'माझा प्रवास', कारण ते 'खरं' आहे. आणि शेवटी हुकूम: कोकणावरच्या कादंबऱ्या बंद करा, आत्मचरित्रं वाचा. खाली सगळ्यांचं 'अगदी अगदी'.

तुंबाडपासून सुरू करते. दोन्ही खंड मीही आत्ताच संपवले. आमच्याकडे जुलैत लाइट असली तरच बातमी होते, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर, उजेड कमी. पहिला खंड हातातून सुटत नाही. दुसऱ्यात लेखक दमतो, हे मान्य. चार पिढ्या ओढायच्या तर कुठेतरी धाप लागणारच. पण कापणार काय? मला जी पानं रेंगाळल्यासारखी वाटली, नेमकी तीच माझ्या सासऱ्यांची सगळ्यात आवडती. त्यांनी १९८७ ला पुस्तक आल्या आल्या वाचलं होतं. जगबुडी नदी काय नुसती शोभेला नाही त्यात. भरतीला खाडीचं पाणी कुठवर चढतं हे ज्याने कधी बघितलं नाही, त्याला ती पानं जास्तीची वाटणार.

'पडघवली'बद्दल निम्मं पटलं. अंबूवहिनीचं बोलणं ऐकत राहावं असं, पण गाव आधी इतकं गोड आणि नंतर इतकं उजाड की मधलं काही नाहीच. गावात मागे राहिलेल्या बायका रोज उंबऱ्यात बसून रडत नाहीत हो, त्यांना भाताची लावणी उरकायची असते. तरीपण ती लिहिणारे गोनीदा जन्मले विदर्भातल्या परतवाड्यात. अशा माणसाने १९५५ साली कोकणातल्या बाईच्या तोंडून अख्खी कादंबरी बोलावी आणि ती इथल्या बायकांना आपली वाटावी, ही काय साधी गोष्ट आहे?

आणि 'आयदान'ला तक्रारवही म्हणालात तिथे माझं डोकं फिरलं. फणसवळ्याच्या बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जातात, ती पहिली पानं वाचलीत का? त्या बोलतायत, एकमेकींची खेचतायत, हसतायत. ऊर्मिला पवारांची आई सुपं-टोपल्या विणून घर चालवते. आमच्या पडवीत शेणाने सारवलेलं सूप वर्षानुवर्षं टांगलेलं असायचं. काठाशी बांबूच्या काड्या कशा दुमडून आत खोवल्यात, हे मी हे पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा खाली काढून नीट पाहिलं. ज्या पुस्तकाने घरातली वस्तू दिसायला लागते त्याला वही म्हणायचं का?

कडक वाचक:
ताई, सासऱ्यांना आवडलं हा पुरावा झाला का? माझ्या सासऱ्यांना रोजच्या मालिका आवडतात.

मी मूळचा पेण तालुक्यातला. वरसई आमच्यापासून लांब नाही, म्हणून गोडसे भटजींबद्दल आपुलकी आहे, लपवत नाही. पण बघा ना, डोक्यावर कर्ज झालेला भिक्षुक, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून चालत निघतो आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडतो. झाशीचा वेढा, लूट, कत्तल सगळं डोळ्यांनी पाहतो. कमावलेलं जातं, आणि घरी येतो तो आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन. कुठे हळवेपणा नाही, कुठे 'हिरवागार निसर्ग' नाही. भूक लागली की भूक लागली म्हणतो, भीती वाटली की लपून बसतो. आमच्या कादंबरीकारांनी यातून शिकायला हवं होतं.

'तक्रारवही' मी रचनेबद्दल म्हटलं होतं, आशयाबद्दल नाही. प्रसंगामागून प्रसंग येतात, बांधणी सैल आहे. एवढं म्हणायची मुभा असावी.

पावसाळी बेडूक:
एक शंका. हे तुंबाड म्हणजे तो हस्तरवाला पिक्चर ना? त्याच्या पुस्तकात पण तळघर आहे का?

खाडीकाठची:
@पावसाळी बेडूक, नाही. पिक्चरचा आणि कादंबरीचा नावापुरता संबंध. तुंबाड हे खेड तालुक्यातलं खरंखुरं गाव आहे. सोन्याच्या मोहरा मिळाल्या तर कळवा.

@कडक वाचक, तुमच्या 'खऱ्या' पुस्तकाबद्दल पण बोलू. भटजींनी लिहिलेलं १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं ते काटछाट करून, भाषा घासूनपुसून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती कितीतरी वर्षांनी दत्तो वामन पोतदारांनी काढली. त्यातून भटजींनी हे सगळं लिहिलं ते घरी परतल्यावर पंचवीसेक वर्षांनी, आठवून आठवून. सुरेख आहेच ते, माझंही लाडकं आहे. पण म्हणून ते 'खरं' आणि पेंडसे 'खोटे', हे कुठलं माप?

सड्यावरचा:
मापाचा विषय निघालाच आहे तर मीही बोलतो.

तुम्ही दोघं पानं मोजत बसलायत. मला एक सांगा, खोतांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या, चार पिढ्यांवर दोन जाडजूड खंड, आणि त्यांची जमीन कसणाऱ्या कुळांच्या चार पिढ्यांवर काय? माझे आजोबा कूळ होते. खळ्यावर भात मोजायला खोताचा माणूस यायचा. खोताच्या वाट्याची पायली भरताना वर शीग लावायचा, कुळाच्या वाट्याला आली की हाताने सपाट करायचा. आजोबा गेले तरी आजी हे हाताने करून दाखवायची, अस्सा हात फिरवून. वर वेठ होतीच. खोताच्या घरचं लग्न असलं की आपली लावणी सोडून लाकडं फोडायला जायचं.

अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप करून १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी ओस टाकल्या. पंचवीस गावं. नारायण नागू पाटलांनी पुढारपण केलं. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. सहा वर्षं स्वतःच्या शेतात नांगर न घालता, करवंदं-लाकडं विकून पोट भरायचं, ही कादंबरी नाही का? पण आपल्याला वाड्यातल्या कर्त्या पुरुषाची शोकांतिका हवी. म्हणून मी तुंबाड पहिल्या शंभर पानांत मिटलं ते मिटलंच.

ओटीवरचा:
शंभर पानं वाचून मत. छान.

आमचं घराणं खोतांचं, दापोली तालुक्यातलं. आता घ्या नावं ठेवून. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने जमीन गेली. माझे आजोबा गिरगावात एका खोलीत सहा जणांबरोबर राहून खानावळीत जेवले आणि एका पेढीवर हिशेब लिहीत म्हातारे झाले. वाडा कसला, मागची भिंत पडली तेव्हा डागडुजीला पैसे नव्हते म्हणून तिथे झापं लावली होती. सगळे खोत म्हणजे सोवळं नेसून झोपाळ्यावर बसलेले ब्राह्मण हे चित्र पण पिक्चरमधलंच. मराठा खोत होते, मुसलमान खोत होते. चार वितीच्या गावाचे, स्वतःच कर्जात बुडालेले खोत होते. जरा वाचा.

सड्यावरचा:
तुमच्या आजोबांना मुंबईत हिशेब लिहायची नोकरी मिळाली, कारण त्यांना लिहिता येत होतं. आमच्यांना गोदीत ओझी उचलायची मिळाली. हा फरक पण जरा वाचा.

ओटीवरचा:
म्हणजे माझ्या आजोबांनी माफी मागायची का आता? गेले ते १९८० च्या आसपास. स्मशानात जाऊन मागू?

सड्यावरचा:
माफी कोणी मागितली? मी पुस्तक मागितलं.

वेंगुर्ल्याचो:
माका एक समजना नाय, पुस्तकांवर बोलूचा सोडून तुमी सातबारे कित्याक काढलास? आणि कोकण म्हणजे काय दापोली-खेडच काय रे? राजापूर सोडलास की तुमचा कोकण संपता. आमचे खानोलकर कुडाळात खानावळ चालवत होते आणि 'रात्र काळी घागर काळी' लिवून गेले १९६२ साली. 'कोंडुरा' लिवलो. ते काय हिरवोगार निसर्ग? वाचून झोप लागता काय बघा. आणि आरवलीचे दळवी, 'सारे प्रवासी घडीचे'. गावातलो एकेक इरसाल माणूस. थय कोणी रडणा नाय, आणि हसता हसता कधी घशात येता ता कळणा नाय. ह्या धाग्यार एकानपण नाव घेवक नाय.

पुस्तकवाली:
मी एका छोट्या वाचनालयात काम करते, कुठल्या ते विचारू नका. तुमचं सगळं वाचून हसू येतं. आमच्याकडे 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड पार खिळखिळा झालाय, दोनदा बांधून घेतला. दुसरा बऱ्यापैकी नवा दिसतो. यावरून काय ते समजा. 'आयदान'ची एकच प्रत, ती नर्सिंगच्या मुली आळीपाळीने नेतात. गोडसे भटजी अधूनमधून कोणी सेवानिवृत्त शिक्षक मागतात.

आणि हो, मतं देणाऱ्यांपैकी किती जण पुस्तक विकत घेतात किंवा वर्गणी भरतात? निम्मे फुकटची पीडीएफ मागतात. वर सांगतात, कोकणात वाचनसंस्कृती राहिली नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं भिजली. १८६४ पासूनची संस्था, २००५ च्या पुरातही तेच झालं होतं. ओलं पुस्तक कधी हाताळलंय का? पानं एकमेकांना चिकटतात, ओढलं की अक्षरासकट सालटं निघतं. पंख्याखाली उभी करून ठेवावी लागतात, तरी बुरशी येते. निम्म्याने कापायच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा ते करून बघावं.

कडक वाचक:
@पुस्तकवाली, मी वर्गणी भरतो. ठाण्यात.

खाडीकाठची:
@सड्यावरचा, भाऊ, पायलीची गोष्ट वाचून मी गप्प झाले होते. पण एक राहून राहून वाटतं. ज्या पेंडशांवर तुम्ही वाडाप्रेमाचा आरोप करताय त्यांचाच 'गारंबीचा बापू' घ्या, १९५२ चा. त्यात गावाचा सर्वेसर्वा अण्णा खोत, आणि त्याला आणि सगळ्या गावाला फाट्यावर मारून राधेबरोबर राहणारा बापू. लेखकाचा जीव कोणात आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. तुंबाडच्या खोतांचेही त्यांनी काही पोवाडे गायलेले नाहीत. त्या घरातला माज, मारझोड, बायकांची परवड, सगळं मांडलंय. शंभर पानांत ते दिसायला लागतं, पण संपत नाही.

मात्र कुळाच्या ओटीवरून लिहिलेली तेवढी मोठी कादंबरी माझ्या वाचनात नाही, हे खरं. पण त्याचं खापर पेंडशांच्या डोक्यावर का? मुर्डीचा माणूस, मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करून लिहीत होता. जे घर त्याने जवळून पाहिलं ते लिहिलं. आजीचा तो हात फिरवणं तुम्हीच लिहा की. इथे चार ओळींत उरकलंत.

सड्यावरचा:
लिहायला बसलं की कंपनीचा फोन येतो. पण ठीक आहे, बापूचं मान्य. बापू शाळेत असताना वाचला होता, आवडलाही होता. तरी बघा, बापूसुद्धा शेवटी सुपारीच्या व्यापारात पैसा करतो तेव्हाच गाव त्याला मानतं. वेठीला जाणारा माणूस या सगळ्यात मागच्या दारी उभा. 'आयदान'मध्ये तो, म्हणजे ती, पुढच्या दाराने आली. म्हणून कोणाला बांधणी सैल वाटते.

कडक वाचक:
आता हा टोमणा मला. बांधणी सैल म्हटलं की मी जातीयवादी, तुंबाड लांबलं म्हटलं की मला खाडी माहीत नाही, गोडसे आवडले म्हटलं की मी पेणचा. मत द्यायचं तरी कशावर? गणपतीच्या आरत्यांवर देतो, त्या तरी थोडक्यात असतात. (हेही चुकलंच. आमच्या वाडीत दीड तास चालतात.)

बरं, 'निम्म्याने' हा शब्द मागे घेतो. एक तृतीयांश. याच्या खाली येणार नाही.

ओटीवरचा:
@खाडीकाठची, 'माज, मारझोड' एवढंच दिसलं का तुम्हाला त्या घरात? माझ्या आजीने मागच्या पडवीत कुळाच्या बाईचं बाळंतपण केलेलं मी घरात ऐकत आलोय. तेही होतं.

सड्यावरचा:
मागच्या पडवीत. बरोबर.

ओटीवरचा:
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. 'आयदान' मागवलंय, वाचून बोलेन. तोवर तुम्ही तुंबाडची एकशेएकावी पान उघडा.

सड्यावरचा:
एकशेएकावं. पान ते. उघडतो. दुसऱ्या खंडाचं वचन देत नाही.

पुस्तकवाली:
दुसरा खंड आमच्याकडे कायम शिल्लक असतो, कधीही या. अनामत भरावी लागेल.

वेंगुर्ल्याचो:
दळवींवर अजून कोणी एक अक्षर बोलूक नाय. चालांदेत तुमचा.