शाळा नको, पण डबा हवा, असे मुलगी म्हणते

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी साडेआठ वर्षांची असून गेली दोन वर्षे ती घरीच शिकते आहे. आम्ही नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या एका गावात राहतो. पहिलीच्या अर्ध्या वर्षापर्यंत ती तालुक्याच्या गावी एका खाजगी शाळेत बसने जात असे. शाळेचे नाव घेण्याची माझी इच्छा नाही. त्या शाळेत डब्यात अंडे आणू नये, असा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. तरीही एके दिवशी मी तिला पोळीत गुंडाळून अंड्याची पोळी दिली, तेव्हा तिला वर्गाच्या दाराशी वेगळे बसवून जेवायला लावले गेले. त्यानंतर महिनाभर तिचा डबा जसाच्या तसा भरलेला परत येत राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला, त्याच दिवसांतली ही गोष्ट आहे. एका शाळेत शासन जे ताटात वाढणार होते, तेच दुसऱ्या शाळेत माझ्या लेकीच्या डब्यात चालत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही तिला पुन्हा तेथे पाठवले नाही.

घरचे शिक्षण एकंदरीत चांगले चालले आहे. सकाळी दोन तास गणित आणि भाषा, मग शेतावर किंवा गोठ्यात तिच्या आजोबांबरोबर, दुपारी वाचन. मात्र या जूनपासून तिने एकच हट्ट धरला आहे. शेजारची मुले दप्तर घेऊन निघाली की तिलाही डबा भरून हवा असतो. मी भरून देते आणि ती तो घेऊन अंगणातल्या चिंचेखाली एकटीच जाऊन बसते. आरंभी मला याचे कौतुक वाटले, आता मात्र तिला तसे एकटे बसलेले पाहून मन अस्वस्थ होते.

गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि तेथील गुरुजी भले आहेत. यंदा तिला तिथे घालावे असे आम्ही जवळजवळ ठरवले होते. परंतु १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली, १७ जूनला ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असल्यास वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत असे ठरले, आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द होऊन समिती नेमली गेली. अडीच महिन्यांत तीन वेळा दिशा बदलली, तेव्हा यांचे धैर्य गेले आणि ते म्हणाले की आणखी एक वर्ष थांबू.

माझे प्रश्न दोन आहेत. घरी शिकणाऱ्या मुलांच्या जेवणाला तुम्ही सोबत कशी मिळवून देता? आणि शाळेतले राजकारण नको म्हणून मूल घरी ठेवणे योग्य आहे का, की ती माझी पळवाट आहे?

अंगणवेल

ताई, माझी दोन्ही मुले पुण्यात घरीच शिकली. मोठा आता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देतो आहे. त्या परीक्षेला वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे तुम्हाला त्याची काळजी आज करण्याचे कारण नाही. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देण्याचा मार्गही आहे. कायद्याचे म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगणारे कलम त्यात नाही. घरच्या शिक्षणाला स्पष्ट मान्यताही त्यात नाही. या धूसर जागेत आपण सगळे उभे आहोत, हे मनाशी नीट जाणून असावे.

डब्याबद्दल मात्र मला भरभरून सांगायचे आहे, कारण आमच्या घरचा निम्मा अभ्यास डब्यातूनच झाला. धाकटी सात वर्षांची असताना आम्ही ‘जिल्ह्याचा डबा’ सुरू केला. आठवड्यातून एक दिवस नकाशावर एक जिल्हा निवडायचा आणि तिथले काहीतरी डब्यात भरायचे. जळगावसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी आणि भरीत केले, तेव्हा भाकरी थापता थापता तिने विचारले की उडीद कशाला घालायचा, आणि त्या एका प्रश्नातून डाळी, जमीन आणि पाऊस यांवर दोन दिवस बोलणे झाले. सोलापूरची कडक भाकरी आठ दिवस टिकते की नाही हे पाहण्यासाठी तिने एक भाकरी फडक्यात बांधून ठेवली आणि रोज तिची नोंद केली. विदर्भासाठी उकडपेंडी, मराठवाड्यासाठी दशमी, कोकणासाठी घावन, आणि नागपंचमीच्या सुमारास हळदीच्या पानातल्या पातोळ्या करून आम्ही गोव्यापर्यंत पोहोचलो. पिठाचे माप तिचे, पाण्याचे माप तिचे. अर्धी वाटी आणि पाव वाटी यांतला फरक तिला वहीपेक्षा परातीत आधी कळला.

डबा सुंदर दिसावा म्हणून फार खटाटोप करावा लागत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या वाटीने कापण्याऐवजी मुलीला सुरीने हव्या त्या आकारात कापू द्या. वरणफळांचे तुकडे तिच्या हातून होऊ द्या; त्रिकोण, चौकोन, समलंब असे काहीही. शिळ्या पोळीचा कुस्करा गूळ-तूप घालून लाडवासारखा वळला की तो मुले आवडीने खातात. थालीपिठाला मधे जी भोके पाडतो ती पाच असावीत की सात, यावर आमच्याकडे कितीतरी वेळा चर्चा झाली आहे. माझा आग्रह एवढाच की डबा आईने मुलीसाठी भरण्यापेक्षा मुलीने स्वतः, आणि शक्यतो दोघांना पुरेल इतका भरावा.

सोबतीचे म्हणाल तर ती आपोआप येत नाही, ती आपल्याला उभी करावी लागते. आम्ही घरी शिकणारी चार कुटुंबे दर गुरुवारी एका बागेत जमत असू. नियम एकच होता: आपल्या डब्यातले पहिले दोन घास दुसऱ्याला द्यायचे. तुमच्या भागात अशी कुटुंबे नसतील, तर शेजारच्या शाळेतली मुले शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी येतात, त्यांना चिंचेखाली बोलवा.

खडूफळा

मी सातारा जिल्ह्यातील एका दोनशिक्षकी शाळेत शिकवतो. आमचा पट ३१ आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी तोंडदेखले उत्तर देणार नाही, कारण तो प्रश्न मला फार जवळचा आहे.

शाळेत राजकारण येते हे खरे आहे आणि ते प्रामुख्याने दोन वाटांनी येते: काय शिकवायचे आणि काय खायला द्यायचे. गेल्या काही वर्षांत पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने आली आणि गेली, सर्व राज्याला एक गणवेश आला आणि पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे परत गेला. पण मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट अंड्याची आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे केंद्राचे प्रमाण आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे त्या प्रमाणाचा अर्धा भाग एका अंड्यात भरून निघतो. ज्या दिवशी अंडे असे, त्या दिवशी आमच्याकडे एकही मूल गैरहजर नसे. काही धार्मिक संघटनांनी विरोध केला, अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याची तरतूद होती तरीही केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्याचा आणि खिरीच्या साखरेचा निधी थांबवून हे पदार्थ द्यायचे असल्यास लोकसहभागातून द्यावेत, असे सांगितले. ज्या गावात लोकांकडे द्यायला काही आहे तिथली मुले अंडे खातील आणि जिथे नाही तिथली खाणार नाहीत, हा त्याचा सरळ अर्थ झाला. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले आजीजवळ राहून माझ्या शाळेत येतात. त्यांच्या आजीकडून मी कोणता लोकसहभाग मागू?

आम्ही तरीही अंडे बंद पडू दिले नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आमच्याकडे तीन आयांनी पुढाकार घेतला आणि दोन घरांनी दर आठवड्याला कोंबड्यांची अंडी देण्याचे कबूल केले. चार मुले अंडे खात नाहीत, त्यांना केळे मिळते, आणि सगळी मुले एकाच पंगतीत बसतात. तुमच्या मुलीला दाराशी बसवले हे वाचून मला फार वाईट वाटले. पंगत मोडणे हा मुलाचा अपमान आहे, आणि शिक्षकाने तो करावा हे मला सहन होत नाही.

ताई, मूल घरी ठेवणे ही पळवाट आहे असे मी म्हणणार नाही. तुमच्या मुलीचे जेवण बंद पडले होते, तेव्हा तिला तेथून काढणे हेच आईचे काम होते. परंतु तुमच्यासारखे पालक, ज्यांना शासन निर्णयाच्या तारखा पाठ आहेत, ते गावच्या शाळेच्या समितीत नसतात, म्हणून समितीत सही करणारेच उरतात. जून महिन्यात हिंदीचे निर्णय मागे घ्यावे लागले ते पालक, शिक्षक आणि मराठीवर प्रेम करणारी माणसे बोलली म्हणूनच. सगळे वर्षभर थांबले असते तर ते घडले नसते.

एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेत न जाणाऱ्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि कलम १५ नुसार वर्षाच्या मध्येही तो नाकारता येत नाही. त्यामुळे ‘या जूनमध्ये नाही तर पुढच्या जूनमध्ये’ असे बंधन तुमच्यावर नाही. प्रवेश घ्यायचा नसला तरीही आपल्याकडे स्नेहभोजनाची सोय आहे: वाढदिवस किंवा सण यानिमित्त गावातले कोणीही शाळेतल्या सर्व मुलांना एखादा पदार्थ देऊ शकते. गुरुजींशी बोला, मुलीच्या हातचे काहीतरी घेऊन जा आणि तिला त्या पंगतीत बसू द्या.

सांजवात

मी स्वतः बारा वर्षे घरी शिकलेली मुलगी आहे आणि आता रत्नागिरीत नोकरी करते. आईवडिलांनी मला भरपूर दिले, वाचन दिले, समुद्र दिला, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तरीही डब्याविषयी वाचले तेव्हा सांगावेसे वाटले की मलाही नेमका तोच हट्ट होता. आईला वाटे की मला दुसऱ्या मुलांसारखे दिसायचे आहे. खरे पाहता मला कोणीतरी ‘आज काय आणलेस?’ असे विचारायला हवे होते. घरातल्या माणसांना ते आधीच माहीत असते, म्हणून ते विचारत नाहीत.

पुढे कॉलेजात पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर डबा उघडला, तेव्हा मेतकूट-भात पाहून एक जण म्हणाली, ‘हे मला देशील?’ तो दिवस मला अजून आठवतो. खडूफळा यांनी सुचवलेली पंगत तुमच्या मुलीला यासाठी हवी आहे असे मला वाटते. तिला शाळा हवी की नको हे तिचे तिलाही अजून कळलेले नसेल, त्यामुळे तो प्रश्न तिला वारंवार विचारू नका.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘आज काय आणलेस’ हे वाचून मी बराच वेळ काहीच करू शकले नाही.

काल मी गुरुजींना भेटले. त्यांचा पट २४ आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींशीही बोलणे झाले. महिन्याला २,५०० रुपये मानधनावर त्या रोज चुलीपुढे उभ्या असतात, हे मला त्याच गावात राहूनही ठाऊक नव्हते. या शुक्रवारी आमच्याकडून सगळ्यांना उकडलेली अंडी आणि केळी जातील, आणि मुलगी स्वतः केलेले भोपळ्याचे घारगे नेणार आहे. घारगे किती लागतील याचा हिशेब तिनेच केला: चोवीस मुले, प्रत्येकी दोन, शिवाय गुरुजी, मावशी आणि ती स्वतः. आकडा चोपन्न आला आणि मग तिने सहा जास्तीचे धरले, कोणाला तिसरा हवा असेल म्हणून.

प्रवेशाचा निर्णय आम्ही अजून घेतलेला नाही. यांचे मत अजूनही थांबण्याकडेच आहे. समितीच्या पुढच्या बैठकीला गावातली एक रहिवासी म्हणून मी बसू शकते का, असे मी गुरुजींना विचारले, तर त्यांनी मला तारीख सांगितली आणि येताना अंड्यांविषयीचा शासन निर्णय छापून आणा, म्हणाले.