प्रति: आजीच्या पेटीतली 'गिनी'

आजीच्या पेटीत निघालेल्या सोन्याच्या 'गिनी'वरच्या चर्चेत १८८७च्या नाण्याला अनेकांनी 'स्मारक नाणं', म्हणजे एखाद्या प्रसंगाच्या आठवणीसाठी खास काढलेलं नाणं, म्हटलंय, म्हणून थोडी भर.

आपल्याकडे ज्याला सरसकट गिनी म्हणतात ते बहुतेकदा सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचं नाणं असतं. खरी गिनी इंग्लंडमध्ये शेवटची पाडली १८१३ साली. १८१७पासून आजच्या रूपातलं सॉव्हरिन आलं: बावीस कॅरट, वजन ८ ग्रॅमच्या किंचित खाली, मागे पिस्त्रुची या कोरक्याने घडवलेला घोडेस्वार संत, सेंट जॉर्ज. १८८७ हे व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचं पन्नासावं वर्ष. त्या निमित्ताने नाण्यावरचा राणीचा चेहरा बदलला, डोक्यावर तो इवलासा मुकुट आला (तेव्हाही लोक हसलेच होते), पण नाणं रोजच्या चलनाचंच. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या चांदीच्या सहा पेन्सवर किंमत लिहायची राहिली. लोकांनी त्याला सोन्याचा मुलामा देऊन अर्धं सॉव्हरिन म्हणून खपवलं, आणि टांकसाळीला घाईघाईने जुनी नक्षी परत आणावी लागली!

अस्सल स्मारक सॉव्हरिन बघायचं तर १९८९चं. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याने १४८९मध्ये या नावाचं अगदी पहिलं नाणं काढलं, त्याची ही पाचशे वर्षं. सिंहासनावर समोर तोंड करून बसलेली राणी दुसरी एलिझाबेथ, मागे हेन्रीच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब. माझ्या मते इतकं देखणं सॉव्हरिन पुन्हा झालं नाही.

आजीच्या नाण्यावर १९१८ साल असेल तर भिंगाखाली बघा. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर मधोमध बारीक 'आय' अक्षर दिसलं तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं. तिथे सॉव्हरिन त्या एकाच सालाची पडली. आणि कृपा करून नाणं चिंचेने घासू नका.