मदत हवी आहे: 'ब्लेड रनर'ची कोणती आवृत्ती दाखवू?

'ब्लेड रनर' या विज्ञानपटाचा नंतरच्या चित्रपटांवर, अ‍ॅनिमेवर (जपानी अ‍ॅनिमेशनपटांवर) आणि व्हिडिओ गेमवर पडलेला प्रभाव, या विषयावर अर्ध्या तासाचं सादरीकरण करायचं आहे. बहुतेक प्रेक्षकांनी चित्रपट पाहिलेला नाही. वेळेअभावी एकच प्रसंग दाखवता येईल. तो ठरला आहे: पावसात छपरावर बसलेल्या रॉय बॅटी या कृत्रिम मानवाचं मरण्यापूर्वीचं अखेरचं बोलणं. बॅटी साकारणाऱ्या रुटगर हाउअरचं याहून सुंदर काम मी तरी पाहिलेलं नाही.

अडते ती आवृत्ती. तिन्ही मुख्य आवृत्त्या माझ्याकडे आहेत, लागोपाठ लावूनही पाहिल्या. १९८२ च्या मूळ अमेरिकी आवृत्तीत बॅटीने मान टाकली की नायक डेकार्डचं निवेदन सुरू होतं आणि ती शांतताच मोडते. बॅटीच्या हातून सुटलेलं कबुतर तर चक्क निळ्या आकाशात उडतं! १९९२ च्या आवृत्तीत निवेदन गेलं. २००७ च्या आवृत्तीत दिग्दर्शक रिडली स्कॉटने आकाशही अंधारं केलं, रंगही बदलले. प्रसंग म्हणून हीच सर्वांत सरस.

पण ऐंशीच्या दशकातल्या कलावंतांनी २००७ ची आवृत्ती पाहिलेली नव्हती. दोन्ही दाखवायला वेळ नाही, आणि पुढच्या भागांची चर्चा नको आहे. अशा वेळी प्रभावाबद्दल बोलताना २००७ ची आवृत्ती दाखवणं योग्य ठरेल, की १९८२ चीच दाखवावी?