कुत्र्याच्या गळ्यात शॉकचा पट्टा: बंदी हवी की मुभा?

श्वानवेडी: वेल्सने २०१० मध्येच शॉक देणाऱ्या पट्ट्यांवर बंदी घातली. इंग्लंडने २०२३ मध्ये रिमोटवाल्या पट्ट्यांवर बंदीचा मसुदा आणला, तो कायदा होता होता राहिला. शॉक नसेल तर कुत्री मेंढ्यांमागे लागतील, म्हणत बंदीच्या विरोधकांनी मेंढ्यांची ढाल पुढे केली होती. माझं म्हणणं सरळ आहे, शॉकशिवाय कुत्रा आवरत नसेल तर तो चराऊ रानात मोकळा सोडू नका.

मेंढरंवाला: ताई, कुत्रा चावायलाच लागतो असं नाही. नुसता मागे लागला तरी गाभण मेंढ्या गाभडतात. कळप कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतो आणि खालच्या गुदमरून मरतात. इंग्लंड-वेल्समध्ये १९७१ च्या कायद्याने दुसरा इलाज नसेल तर अशा कुत्र्याला गोळीही घालता येते. ४८ तासांत पोलिसांना कळवायचं. गोळीपेक्षा शॉक बरा नाही का?

श्वानवेडी: हे दोनच पर्याय कुणी ठरवले? साखळी कुठे गेली?

शिट्टी: कुत्री शिकवतो म्हणून सांगतो, घोळ वेळेचा असतो. कुत्रा मेंढीमागे सुटला, मालक खिशात रिमोट चाचपडतोय. तेवढ्यात कुत्रं थबकून मालकाकडे वळतं आणि नेमका तेव्हाच झटका बसतो. म्हणजे हाक ऐकली त्याची शिक्षा! नाहीतर मेंढी दिसली की दुखतं एवढंच डोक्यात बसतं, आणि पुढच्या वेळी ते घाबरूनच तिच्या अंगावर जातं. लिंकन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात बक्षीस देऊन शिकवलेली कुत्री पट्टेवाल्यांपेक्षा कुठेच कमी पडली नाहीत.

मेंढरंवाला: तिथे शिकवणारे कसलेले होते हो. आणि मालक घरात, कुत्रं कुंपण ओलांडून पसार, तेव्हा बक्षीस कोण देणार?

शिट्टी: तेव्हा रिमोट तरी कोण दाबणार?

काठावरचा: म्हणूनच जमिनीत तार पुरतात ना, हद्द ओलांडली की पट्ट्यातून आपोआप शॉक. इंग्लंडच्या मसुद्यात त्याला सूट होती.

शिट्टी: शिकारीच्या तंद्रीत कुत्रं तो शॉक सोसून बाहेर पडतं. तंद्री उतरली की त्याच शॉकच्या धाकाने परत आत यायला धजत नाही, मग रानभर मोकाट. साधं जाळीचं कुंपण परवडलं.

श्वानवेडी: कुत्रा मेंढ्यांमागे लागला तर स्कॉटलंडने २०२१ च्या कायद्यात मालकाचा दंड ४०,००० पौंडांपर्यंत नेला, वर वर्षभरापर्यंतचा तुरुंगही होऊ शकतो. मालकाच्या खिशाला झळ बसली की साखळी बरोबर आठवते.

मेंढरंवाला: आधी मालक सापडू द्या. सकाळी मेंढ्या मेलेल्या दिसतात, कुत्रं कुणाचं ते मेंढ्या सांगणार का?