सॅम रेमीसारखा धावता कॅमेरा मोबाईलवर कसा जमवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आमच्या ग्रुपची एक छोटी भुताची फिल्म चाललीये, बजेट म्हणजे चहा-वडापाव आणि एकाची बाईक. त्यात झाडीतनं काहीतरी धावत येतंय असा शॉट हवाय, डोक्यात अर्थातच दिग्दर्शक सॅम रेमीची 'ईव्हिल डेड' (१९८१). त्यात ते जंगलातलं भूत दिसतच नाही, कॅमेराच भूत! महागडी सामुग्री परवडत नव्हती म्हणून रेमी आणि त्याच्या पोरांनी लाकडी फळीच्या मधोमध कॅमेरा बसवला आणि दोघं दोन टोकं धरून अमेरिकेतल्या टेनेसीच्या जंगलात पळत सुटले. त्याच्याही आधी पैसे उभे करायला १९७८ मधे 'विदिन द वुड्स' नावाची छोटी फिल्म सुपर ८ वर (घरगुती कॅमेऱ्याची स्वस्त रीळ) काढून लोकांना दाखवत फिरले, म्हणजे कडकी आमच्यासारखीच.

तर आम्हीही फळी आणली, फोन रबरबँडनी बांधला, पळालो. पण फुटेज लग्नाच्या व्हिडिओसारखं मऊ मऊ तरंगतंय, भीती गायब. काय चुकतंय?

दुसरं म्हणजे ग्रुपमधला एकजण म्हणतो 'स्पायडरमॅन' (२००२) पासून रेमीतला हॉरर संपला. मला अजिबात पटत नाही. दुसऱ्या भागातलं (२००४) ऑपरेशन थिएटर आठवा, व्हिलन डॉक ऑकचे ते लोखंडी हात जागे होतात, नर्स जमिनीवर नखं ओरबाडत फरफटत जाते, एका डॉक्टरच्या हातात करवत, हा सीन सुपरहिरोवाल्याला सुचेल का? तिसऱ्यात (२००७) व्हिलनची गर्दी झाली हे मान्य. पण २००९ ला 'ड्रॅग मी टू हेल' काढून गडी परत भुतांकडे आलाच की. याला अजून काय दाखवू?

प्रतिसाद
फळी ठीक आहे हो, फोनच शहाणपणा करतोय. व्हिडिओ सेटिंगमधे जाऊन स्टॅबिलायझेशन (हादरे आपोआप कमी करणारी सोय) बंद करा, अल्ट्रावाईड (जास्त रुंद दिसणारी) लेन्स लावा आणि फोन जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. गवत, फांद्या लेन्सच्या अगदी जवळून सपासप गेल्या की वेग आपोआप वाटतो. उजेड असतानाच उरका, अंधारात अल्ट्रावाईडला दाणे येतात. आणि रबरबँड फेका, बाईकचा मोबाईल होल्डर स्क्रूनं फळीवर ठोका.

मित्राला 'डार्कमॅन' (१९९०) दाखवा. 'द शॅडो' या जुन्या हिरोचे हक्क मिळाले नाहीत म्हणून रेमीनं स्वतःचाच हिरो घडवला, तोही जळक्या चेहऱ्याचा. म्हणजे हॉरर आणि सुपरहिरो दोन्ही गोष्टी स्पायडरमॅनच्या कितीतरी आधीपासून एकत्रच होत्या. मग डायरेक्ट दुसरा 'डॉक्टर स्ट्रेंज' (२०२२) लावा, त्यात तर हिरोचं मढंच उठून लढतं. मार्व्हलच्या पैशात एवढं करून घेतलं म्हणजे कमाल आहे.

धागाकर्ता
होल्डर! हे सुचलंच नव्हतं, धन्यवाद. स्टॅबिलायझेशन बंद करून गच्चीवर ट्राय मारला, फरक लगेच दिसला. आता एकच अडचण, फळी धरणाऱ्यांपैकी एक सहा फुटी आणि दुसरा जेमतेम पाच, फ्रेम सारखी एका बाजूला कलते. माणूस बदलू की कलू देऊ?