मदत हवी आहे: आईला समुपदेशनासाठी कसं तयार करू?

बाबा गेल्यापासून आई कशातच रमत नाही. पहाटे ३ लाच जागी होते, जेवण नावापुरतं, भिशीलाही जात नाही. थायरॉइड, बी-१२ सगळं नॉर्मल आलं. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य सांगितलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हे तिला पटलंय, पण समुपदेशनाचं नाव काढलं की 'मला काय वेड लागलंय?' म्हणते. त्यात मामा म्हणतो, नुसतं बोलून काय होणार! फार वाईट वाटतं.

आम्ही कराडला राहतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं, तिथून सुरुवात करावी का? कुणाच्या घरातल्या मोठ्यांनी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारी समुपदेशनाची पद्धत) घेतली असेल तर पहिल्या भेटीत काय विचारतात, आपण सोबत बसावं की बाहेर थांबावं, कृपया सांगा.