ऑनलाइन मतं मागवता, पण प्रश्न कुणी ठरवला?

पूर्वभागकर
शहराच्या कामात लोकांना ऑनलाइन विचारावं, हे मला मनापासून पटतं. पण आपल्या सोलापुरात विचारतात ते आराखडा तयार झाल्यावर. लिंक येते, तीन पर्याय असतात, त्यातला एक निवडायचा.

आमच्या भागातल्या रस्त्यासाठी मागे अशीच मतं मागवली होती. फोन माझ्याकडे, म्हणून घरातलं मत मी दिलं. आई विड्या वळते. संध्याकाळी तिला सांगितलं तर तेलुगूत म्हणाली, "रस्ता रुंद करा की, पण डोक्यावर ऊन घेऊन विड्या पोचवायला जातो आम्ही, मधे सावली कुठाय?" सावली कुठल्याच पर्यायात नव्हती. त्या रस्त्यावर रोज चालणारी बाई प्रश्न लिहितानाच हवी होती.

होटगी_रोड
दादा, भावना समजते, पण सहमत नाही. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर आलं. असल्या प्रस्तावांना मुदत असते. पेठेपेठेत बैठका घेत बसलो तर मुदत टळते. शिवाय बैठकीत माइक कोण धरतं, ठाऊक आहे की. तेच चार जण! ऑनलाइनमुळे पाळीवर जाणारा माणूस रात्री अकरालाही मत देतो. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवतात, तिथंही अर्जच भरतात.

शेवटचा_नळ
वडील गल्लोगल्ली पाणी सोडणारे चावीवाले होते, म्हणून बोलतो. उजनी धरणातून, शंभर किलोमीटरहून जास्त लांबून पाणी येतं, आणि बिघडतं कुठं, तर गल्लीच्या चढावर. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला की शेवटच्या घरी धार लागते, हे नकाशात नसतं. पाण्याच्या वेळा ठरवताना हजारो ग्राहकांना विचाराल आणि चावीवाल्याला विसराल, तर ते वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोसळेल. ज्या अभियंत्याला ते राबवायचंय, तोही पहिल्या दिवसापासून हवा. नंतर सूचनांचा गठ्ठा टेबलावर टाकला तर तो उत्तर कशाला देईल?

नवी_पेठ
मग नगरसेवक कशाला निवडायचे? वॉर्डाचं गाऱ्हाणं त्यांनीच मांडायचं असतं.

पूर्वभागकर
ताई/दादा, २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, पुढं बराच काळ प्रशासकाचा कारभार होता. तेव्हा गाऱ्हाणं कुणाकडं न्यायचं होतं?

होटगी रोडकर, माइकचं तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच सभा बोलावू नका, माणसं जिथं आहेत तिथं जा. बार्सिलोनात २०१६ साली शहराच्या आराखड्यासाठी लोकसहभागाची ऑनलाइन यंत्रणा उभारली, तेव्हा वस्त्यांमधल्या सभांत आलेल्या सूचनाही तिच्यातच नोंदवल्या. आपल्याकडे विड्या द्यायला बायका रांगेत थांबतात. तिथं तेलुगू येणारं कुणी वही घेऊन बसलं तर पंधरा दिवस पुरतात. कन्नड, उर्दू बोलणाऱ्यांसाठीही तसंच.

होटगी_रोड
पंधरा दिवस असतील तर माझी हरकत नाही. पण सावली हवी म्हणून आई सांगणार आणि झाडामुळं गाळा झाकतो म्हणून दुकानदार नको म्हणणार. तेव्हा निर्णय कुणाचा, हे वही उघडायच्या आधी जाहीर करा. ते नसेल तर मी तरी या पद्धतीला होय म्हणणार नाही.

शेवटचा_नळ
आणि ज्याची सूचना नाकारली, त्याला कारण लेखी द्या. त्याच्याच भाषेत.